घोड्याचे ब्लँकेट: मापाविषयी वाचकांचे प्रश्न

थंडीचे दिवस जवळ आले की घोड्याच्या पांघरुणाविषयीची पत्रे या सदराकडे वाढू लागतात, आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच असते: पैसे मोजून घेतलेले ब्लँकेट अंगाला नीट बसत नाही. या वेळी म्हणून सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. विक्रेते ज्याला ब्लँकेट किंवा रग म्हणतात त्याला पुष्कळ मोतद्दार सरसकट झूल म्हणतात. पुढील उत्तरांत आत भर असलेल्या उबदार पांघरुणाला ब्लँकेट आणि भर नसलेल्या एकपदरी कापडाला झूल म्हटले आहे, एवढा भेद ध्यानात ठेवावा.

प्रश्न: माझा घोडा १५.२ हँड उंचीचा आहे. ही उंची सांगून मी ब्लँकेट मागवले, ते मागून चांगले वीतभर आखूड निघाले. आता नवे पाहतो आहे, तर एकावर ‘७५’, दुसऱ्यावर ‘६ फूट ३ इंच’ आणि तिसऱ्यावर ‘१३५’ असे आकडे दिसतात. यांतला माझ्या घोड्याचा आकडा कोणता, हे कसे ठरवावे?

उत्तर: आपण मोजण्यात चुकलेला नाहीत, जे मोजायला हवे होते त्याऐवजी दुसरेच मोजले गेले, एवढेच. १५.२ हँड म्हणजे १५ हँड आणि वर २ इंच. एक हँड ४ इंचांचा असतो, त्यामुळे जमिनीपासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत आपला घोडा ६२ इंच, म्हणजे साधारण १५७ सेंटिमीटर भरतो. ही झाली उंची. ब्लँकेट मात्र अंगाच्या लांबीवर बेतलेले असते. लांब पायांचा पण आटोपशीर अंगाचा घोडा आणि आखूड पायांचा पण लांब पाठीचा, भरल्या पुठ्ठ्यांचा घोडा हे दोघेही उंचीच्या पट्टीवर एकाच खुणेला येऊ शकतात. एकाच तबेल्यातल्या, उंचीला अगदी सारख्या दोन घोड्यांच्या अंगाच्या मापात मी स्वतः सहा इंचांचा फरक मोजलेला आहे. उंचीवरून ब्लँकेटचे माप सांगणारे तक्ते मिळतात, नाही असे नाही; पण मुलाचे वय सांगून त्याच्यासाठी सदरा आणण्यात जेवढी खात्री असते तेवढीच त्यांत असते.

माप घेण्यासाठी घोडा सपाट आणि टणक जमिनीवर उभा करावा. पुढचे दोन्ही पाय एका रेषेत असावेत, मागचा कोणताही पाय विसाव्याला टेकवलेला नसावा, आणि मान त्याच्या नेहमीच्या उंचीवर असावी. चाऱ्याच्या आशेने लांबवलेली मान माप बिघडवते. एका माणसाने तोंडाशी उभे राहावे आणि दोघांनी टेप धरावी. टेपचे एक टोक छातीच्या मधोमध, मान जिथे छातीला मिळते त्याच्या किंचित खाली धरावे; ब्लँकेटचे पुढचे बक्कल साधारण तिथेच येते. तिथून टेप खांद्याच्या सर्वांत पुढे आलेल्या टोकावरून न्यावी, बरगड्यांवरून जमिनीला समांतर ठेवत मागे आणावी आणि पुठ्ठ्याचा जो भाग सर्वांत मागे आलेला असतो तिथे थांबावे. खांद्याच्या मागे अंगाला थोडा खोलगटपणा असतो; टेप त्यात दाबून बसवू नये, तिने त्यावरून सरळ जावे. शेवटाच्या बाबतीत सगळ्या उत्पादकांचे एकमत नाही. काही जण पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत मोजायला सांगतात, तर काही जण शेपटीच्या मध्यापर्यंत, आणि या दोहोंत काही इंचांचे अंतर सहज पडते. ज्याचे ब्लँकेट घ्यायचे त्याने दिलेली आकृती आधी पाहावी आणि मग मोजावे.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. शिंप्याची कापडी टेप ६० इंचांवर संपते, आणि पूर्ण वाढलेल्या घोड्याला ती पुरत नाही. मग लोक जिथे टेप संपली तिथे बोट ठेवून पुढचे मोजतात, तेवढ्यात घोडा अंग चोरतो आणि दोन-तीन इंचांची चूक होऊन बसते. त्यापेक्षा न ताणली जाणारी सुती दोरी घ्यावी, एका टोकाला गाठ मारून ती गाठ छातीवर धरावी, मागे जिथे माप संपते तिथे दुसरी गाठ मारावी, आणि मग ती दोरी जमिनीवर पसरून मोजावी. हेच दुसऱ्या अंगानेही करावे. घोड्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या असतातच असे नाही. एका बाजूचे स्नायू अधिक भरलेले असणे नेहमीचे आहे. दोन मापांत फरक पडला तर मोठे धरावे.

आता आकड्यांविषयी. ‘७५’ आणि ‘६ फूट ३ इंच’ हे दोन्ही एकच आहेत, कारण ६ फूट म्हणजे ७२ इंच आणि वर ३ इंच. पहिली पद्धत अमेरिकी, दुसरी ब्रिटिश. दोन्हींत छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतची, वर सांगितलेली लांबीच मोजतात. ‘१३५’ हा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. युरोपातील अनेक उत्पादक ब्लँकेटची पाठीवरची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतात: खांद्यावरच्या उंचवट्यापासून पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या मुळापर्यंत. यात छाती आणि खांदा मोजलेलेच नसतात. म्हणून ७५ इंचांचे सेंटिमीटर करून त्या आकड्याचे युरोपीय ब्लँकेट शोधायला गेलात, तर साधारण १९० येतील आणि तेवढे मोठे ब्लँकेट कुठे मिळायचेच नाही. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेणारे तक्ते आहेत. त्यांवर विसंबण्यापेक्षा दोरी पुन्हा एकदा पाठीवरून धरणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते अधिक बिनचूक आहे.

तयार मापे बहुधा दोन किंवा तीन इंचांच्या टप्प्याने असतात, त्यामुळे आपले माप अधेमधे पडण्याचाच संभव अधिक. ७४ आले आणि ७२ व ७५ एवढेच मिळत असतील तर ७५ घ्यावे. वरचा एक टप्पा चालतो; दोन टप्पे वर गेलात तर गळा ढगळ होतो, आणि ढगळ गळ्याने काय होते ते पुढच्या उत्तरात येणारच आहे.

प्रश्न: माझ्या घोडीचे ब्लँकेट लांबीला अगदी बरोबर आहे, शेपटीपाशी ते जिथे संपायला हवे तिथेच संपते. तरीही दोन्ही खांद्यांच्या टोकांवरचे केस झडले आहेत आणि मानेच्या मुळाशी आयाळीचा थोडा भाग तुटून गेला आहे. माप बरोबर असताना असे का व्हावे? आतून मऊ अस्तर लावून घेतल्यास उपयोग होईल का?

उत्तर: लांबीचा आकडा आपल्याला फक्त योग्य मांडणीपाशी नेऊन उभा करतो. ब्लँकेट बसते की नाही, हे ठरते पुढच्या दीड हातात: गळा, उंचवटा आणि खांदा. माझ्या मते मापाचा खरा प्रश्न इथेच आहे, आणि नेमका तोच भाग विकत घेताना कोणी पाहत नाही, कारण सगळे जण मागे जाऊन शेपटी झाकली की नाही ते बघत असतात.

माणसाच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना जे आडवे हाड हाताला लागते, ते घोड्याला नसते. त्याच्या पुढच्या पायाचा धडाशी हाडाने सांधा नाही. खांद्याचे पाते केवळ स्नायूंनी आणि त्यांच्या बंधांनी छातीच्या पिंजऱ्याला धरून ठेवलेले असते. त्यामुळे घोडा पाय पुढे टाकतो तेव्हा पात्याचे वरचे टोक मागे सरकते आणि खांद्याचे टोक पुढे व वर येते. उभ्या घोड्यावर अंगासरशी बसलेले ब्लँकेट चालत्या घोड्याला म्हणूनच काचू शकते. दिवसभरात असे किती वेळा होते याचा विचार केला, म्हणजे नुसत्या घासण्याने केस का जातात ते कळते.

दुसरी गोष्ट उंचवट्याची. मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा दिसतो तो मणक्यांच्या लांब, उभ्या काट्यांनी बनलेला असतो, आणि त्यावर मांसाचे आवरण फारच पातळ असते. ब्लँकेटच्या गळ्याची कड या उंचवट्याच्या पुढे, मानेच्या मुळावर, तीन-चार बोटे बसली पाहिजे. गळा मोठा असला की ती कड उंचवट्यावरून घसरून मागे जाते. मग सगळे ब्लँकेट मागे ओढले जाते, पुढचा भाग खांद्यांवर लगामासारखा ताणला जातो, आणि उंचवट्याची मागची बाजू खुंटीसारखी सगळा भार धरून ठेवते. म्हणजे पाहा, मोठ्या मापाच्या ब्लँकेटनेही अंग आवळले जाते! खांदे घासले की ब्लँकेट लहान पडले असे समजून लोक त्याहून मोठे आणतात आणि दुखणे वाढवून ठेवतात. आपल्या घोडीच्या बाबतीत लांबी बरोबर आहे असे आपण लिहिता. तेव्हा गळ्याची कड कुठे येते ते आधी पाहावे. संध्याकाळी घालताना ती जिथे असते तिथे नव्हे, सकाळी काढण्यापूर्वी जिथे असते तिथे.

याबाबत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. अंगाने सडपातळ, अरुंद छातीची आणि उंच उंचवट्याची एक थरोब्रेड घोडी माझ्याकडे होती. ब्लँकेट घातले, बक्कल लावले, गळ्यात सपाट हात घातला, तो सहज गेला, आणि मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांत तिच्या उंचवट्यावरची लव बोटाच्या पेरभर रुंदीत झिजून गेली. मी आधी अस्तराला दोष दिला, मग धुण्याच्या साबणाला दिला. एका पहाटे ती जमिनीवरचे गवत खात असताना गळ्यात हात घालून पाहिला, तर हात आत जाईना. डोके वर असताना सैल वाटणारी कड डोके खाली जाताच उंचवट्यावर दोरीसारखी ताणली जात होती. घोडा दिवसातला कितीतरी वेळ मान खाली घालून चरत असतो, आणि माप मात्र आपण मान वर असताना तपासतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक नवे ब्लँकेट घातल्यावर जमिनीवर मूठभर चारा टाकतो आणि घोड्याने तोंड खाली नेल्यावरच हात आत घालतो.

ही तपासणी आपणही करावी. ब्लँकेट नेहमीच्या जागेच्या थोडे पुढे टाकून केसांच्या दिशेने मागे सरकवत बसवावे, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. बक्कले लावल्यावर उंचवट्यावर सपाट हात विनासायास फिरला पाहिजे, आणि छातीवर, दोन्ही बाजू मिळतात तिथे, तळहात उभा जाईल एवढी जागा हवी. दोन मुठी मावू लागल्या तर गळा ढगळ आहे. मग मान खाली असताना हेच पाहावे. त्यानंतर एका माणसाने पुढचा पाय गुडघ्यामागे धरून हलकेच पुढे ताणावा आणि दुसऱ्याने खांद्याच्या टोकाशी बोटे घालून ताण किती येतो ते अजमावावे. शेवटी घोड्याला वीस-पंचवीस पावले चालवून दोन्ही हातांना लहान वळणे घ्यावीत. पावले आखूड पडू लागली किंवा वळताना तो मान आखडू लागला, तर आकडा काहीही सांगो, ते ब्लँकेट त्याचे नव्हे.

वापरातले ब्लँकेट असेल तर ते उलटे करून आतले अस्तर उजेडात धरावे. जिथे घर्षण होते तिथे अस्तराला तुकतुकीत चकाकी येते आणि त्या चकाकीच्या कडेला तुटलेल्या केसांची बारीक रेघ चिकटलेली दिसते. ही रेघ कातडीवर टक्कल पडण्याच्या बऱ्याच आधी दिसू लागते. खरारा करताना खांद्याच्या टोकावरचे केस विस्कटलेले किंवा उलटे फिरलेले दिसणे, हीही तशीच आगाऊ सूचना आहे. दाब पुष्कळ दिवस राहिला तर केसांना रंग देणाऱ्या पेशींना इजा होते आणि त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात. ते बहुधा कायमचे राहतात.

मऊ अस्तराविषयी आपण विचारले आहे. गुळगुळीत अस्तराने घासणे कमी होते, दाब कमी होत नाही. खांद्यांवर आतून घालायचे घट्ट, लवचीक बनियनही मिळते. गळा मुळातच सैल असेल आणि फक्त घर्षणाचा प्रश्न असेल तर ते उपयोगी पडते, परंतु गळा घट्ट असताना आत आणखी एक कापड घालणे म्हणजे चावणाऱ्या जोड्यात जाड मोजा घालणे होय. आपल्या घोडीला बहुधा वेगळ्या बेताचे ब्लँकेट लागेल. रुंद छातीच्या, जाड मानेच्या, क्वार्टर हॉर्ससारख्या बांध्याच्या घोड्याला मोठ्या गळ्याचे आणि खांद्यापाशी मोठी कळी घातलेले ब्लँकेट हवे. कळी म्हणजे सदऱ्याच्या काखेत घालतात तसा त्रिकोणी तुकडा; पाय पुढे गेला की तो उघडतो. अरुंद छातीच्या आणि उंच उंचवट्याच्या घोड्याला लहान गळ्याचे, उंचवट्यावर खोलगट कापलेले किंवा मानेवर थोडे वर चढणारे ब्लँकेट चांगले बसते. कळी खांद्याच्या टोकासमोर आली तरच ती कामाची. ती टोकाच्या मागे येत असेल तर ती असून नसल्यासारखीच. तूर्त ब्लँकेट काढून ठेवावे आणि झडलेल्या जागी केस परत येऊ द्यावेत. कातडी सोलवटली असेल, ओल दिसत असेल किंवा हात लावू देत नसेल, तर पशुवैद्यांना दाखवावे.

प्रश्न: अडीच वर्षांच्या शिंगरासाठी वाढत्या अंगाचे ब्लँकेट घ्यावे असा विचार आहे, म्हणजे दोन-तीन हिवाळे निघतील. हे योग्य होईल का?

उत्तर: मुलांच्या कपड्यांबाबत जो शहाणपणा आहे तो इथे चालत नाही. मुलाच्या बाह्या दुमडता येतात आणि मूल ढगळ सदऱ्यात अडकून पडत नाही. शिंगरू मात्र रात्री लोळते, उठते, उधळते, आणि त्याच्या अंगावरचे मोठे ब्लँकेट फिरून पोटाखाली आले की त्यात पाय गुंतून अपघात होतो. मुदलात, निरोगी, पोटभर चारा मिळणाऱ्या आणि आडोशाला राहणाऱ्या शिंगराला हिवाळी केस नीट आले असतील तर ब्लँकेट लागेलच असे नाही. केस न कातरलेला घोडा कोरडा असेल आणि वाऱ्यापासून आडोसा असेल, तर बरीच थंडी सहज सोसतो; थंडीत केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर धरला जातो. ओले झालेले केस ही ऊब गमावतात. त्यामुळे पाऊस आणि वारा एकत्र असतील, किंवा काही कारणाने केस कातरले असतील, तर पांघरूण घालणे भाग आहे. तेव्हा आजच्या मापाचे, फार भारी नसलेले ब्लँकेट घ्यावे. पुढे ते अपुरे पडेल, हे मान्य. सहा-सात आठवड्यांनी दोरी धरून माप पडताळत राहावे आणि गळा घट्ट होऊ लागला की ते काढून ठेवावे. पुढच्या भागात दोन-तीन कड्या असलेले, बक्कल सरकवता येणारे ब्लँकेट मिळाले तर थोडी अधिक मुदत मिळते. एवढीच काय ती काटकसर यात शक्य आहे.

प्रश्न: पोटाखालचे आणि मागच्या पायांचे पट्टे किती सैल ठेवावेत? घट्ट लावले तर घोडा पाय झाडतो, सैल लावले तर ब्लँकेट फिरते. शिवाय ब्लँकेट खाली कुठपर्यंत यावे?

उत्तर: पट्टे घट्ट केल्याशिवाय जे ब्लँकेट जागेवर राहत नाही, त्याचे माप चुकलेले आहे, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. पट्ट्यांचे काम ब्लँकेट धरून ठेवणे हे नाही. घोडा लोळून उठला की ते परत जागेवर यावे, एवढ्यापुरते ते असतात. पोटपट्टे पोटाखाली फुलीसारखे एकमेकांना छेदून जावेत आणि पोट व पट्टा यांमध्ये तळहात आडवा, म्हणजे सुमारे चार इंच, अंतर राहावे. याहून अधिक लोंबू दिले तर बसता-उठता मागचा खूर त्यात अडकतो. मागच्या पायांचे पट्टे एकमेकांच्या फासातून ओवून आपापल्या बाजूच्या कडीत अडकवावेत. असे केल्याने ते मांड्यांच्या आतल्या बाजूला घासत नाहीत. मांडी आणि पट्टा यांत तळहात मोकळा फिरावा. आपला घोडा पाय झाडतो तो बहुधा पट्टे न ओवल्यामुळे. पट्टे सोडताना मागचे आधी सोडावेत आणि छातीचे बक्कल शेवटी. छाती मोकळी आणि मागचे पट्टे अडकलेले अशा अवस्थेत घोडा बुजला, तर सगळे ब्लँकेट मागच्या पायांत येते.

खालच्या बाजूने ब्लँकेट पोटाच्या रेषेच्या किंचित खाली यावे: पुढे कोपर झाकले जाईल आणि मागे मागच्या पायाचा गुडघा झाकला जाईल इतके. घोड्याच्या मागच्या पायाचा खरा गुडघा पोटाच्या कडेला, वर असतो. पायाच्या मध्यावर मागे वाकलेला जो सांधा दिसतो त्याला पुष्कळ जण गुडघा समजतात. प्रत्यक्षात ती घोट्याची जागा आहे, आणि तिथपर्यंत ब्लँकेट आले तर ते फार लांब झाले. उंचीचा उपयोग कुठे होत असेल तर तो इथे, बाजूने किती कापड खाली येणार हे पाहताना. मागे ब्लँकेटची कड शेपटीच्या मुळाशी संपावी आणि वरची झडप तेवढी शेपटीवर यावी. कड मुळाच्या खूप पुढे राहिली तर ब्लँकेट आखूड आहे, आणि शेपटी तिच्याखाली दबू लागली तर लांब आहे.

प्रश्न: ३०० ग्रॅमचे जाड ब्लँकेट घ्यायचे आहे. ते जाड असल्याने एक माप मोठे घ्यावे का? आणि ‘१२०० डेनिअर’ म्हणजे ते अधिक उबदार आहे असे समजावे का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: नाही. डेनिअर हा बाहेरच्या कापडाच्या धाग्याचा जाडपणा आहे. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. आकडा मोठा असला की कापड सहसा फाटायला चिवट असते, एवढाच त्याचा अर्थ. ऊब अवलंबून असते ती आतल्या भरावर, आणि ३०० ग्रॅम म्हणजे दर चौरस मीटरला भराचे तेवढे वजन. संपूर्ण ब्लँकेटचे वजन नव्हे. बिनभरावाची झूल शून्य ग्रॅमची, १०० ग्रॅमच्या आसपासचे हलके, २०० ते २५० मध्यम आणि ३०० च्या वरचे भारी, असा साधारण हिशोब धरतात.

भर जाड असला की तो आतली जागा खातो, ही आपली शंका रास्त आहे. चांगले उत्पादक ही जाडी बेतातच धरतात, तरी एकाच छापाची हलकी आणि भारी ब्लँकेटे घातल्यावर भारी गळ्याशी अधिक घट्ट भासते, असा माझा अनुभव आहे. यावर एक माप मोठे घेणे हा उपाय नव्हे, कारण लांबीही वाढते आणि भारी ब्लँकेट आपल्या वजनानेच मागे घसरते. मापाचेच घ्यावे आणि गळ्याचा बेत मोठा असलेला निवडावा. पुष्कळांना एका भारी ब्लँकेटपेक्षा आत एक हलके आणि वर एक हलके अशी जोडी सोयीची वाटते. मग आतले मापाचे आणि वरचे एक टप्पा मोठे चालते, मात्र दोन्हींच्या गळ्याच्या कडा एकमेकींवर एकाच रेषेत येऊ देऊ नयेत, नाहीतर तिथे दुप्पट दाब पडतो. नवे ब्लँकेट पहिल्यांदा घालून पाहताना खाली स्वच्छ पातळ चादर टाकावी; माप चुकले तर ब्लँकेट केस न चिकटता परत करता येते.

प्रश्न: घोड्याचे जुने ब्लँकेट आखूड करून गाढवाला घालता येईल का?

उत्तर: लांबी कमी करून काम भागणार नाही. गाढवाला घोड्यासारखा उठून दिसणारा उंचवटा नसतो, पाठ सरळ असते आणि छाती अरुंद. घोड्याचे ब्लँकेट ज्या खुंटीवर टिकते ती खुंटीच तिथे नाही, म्हणून ते एका बाजूला फिरते. शिवाय पुढून बंद, डोक्यातून घालायचे ब्लँकेट लांब कानांवरून ओढणे कोणत्याच गाढवाला आवडत नाही. त्याच्यासाठी पुढून उघडणारे, गाढवाच्याच बांध्यावर बेतलेले ब्लँकेट घ्यावे. गाढवाचे केस घोड्याच्या केसांइतके पाणी झटकत नाहीत, त्यामुळे पावसात त्याला आडोशाची गरज अधिक, हेही इथे सांगून ठेवतो.

प्रश्न: गेल्या वर्षी नीट बसणारे ब्लँकेट या वर्षी अचानक मागे घसरू लागले आहे. धुण्याने ते सैल झाले असेल का?

उत्तर: धुण्याने ब्लँकेट आटल्याचे मी पाहिले आहे, सैल झाल्याचे फारसे नाही. बक्कलांच्या कड्या आणि लवचीक पट्टे ढिले पडले आहेत का ते पाहून घ्यावे, पण त्याआधी घोडा पाहावा. मान आणि उंचवट्याच्या दोन्ही बाजूंचे मांस उतरले की गळा मोठा होतो आणि ब्लँकेट मागे जाऊ लागते. वय झालेल्या घोड्यात, किंवा दात झिजल्याने चारा नीट चावला जात नसेल तर, असे हळूहळू होते, आणि पांघरुणाखाली ते दिसत नाही. घोड्याच्या अंगावरचे मांस १ ते ९ गुणांत मोजण्याची एक पद्धत आहे. टेक्सासमध्ये तयार झालेली ही पद्धत १९८३ साली प्रसिद्ध झाली. तीत मान, उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा हातांनी चाचपून पाहतात. मधले, म्हणजे ५ गुण असलेल्या घोड्याच्या बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र हाताला सहज लागतात. ब्लँकेट दररोज एकदा पूर्ण उतरवून खरारा करावा आणि त्याच वेळी बरगड्यांवरून तळहात फिरवावा; मोतद्दाराकडून हे होत असेल तरी आठवड्यातून एकदा स्वतः करावे. आपल्या घोड्याच्या बरगड्या गेल्या वर्षीपेक्षा अधिक स्पष्ट लागत असतील, तर नव्या ब्लँकेटची चौकशी करण्याआधी पशुवैद्यांना बोलावून त्याचे दात तपासून घ्यावेत.